लेखनाचा वर्ग संदर्भापासून सुरू कर

प्रिय मुली,

कॅनडात आदिवासी प्रौढांना शैक्षणिक लेखन शिकवायचं काम तुला मिळालं, फार आनंद झाला. तुझा आराखडा वाचला. पहिले दोन आठवडे तू व्याकरणाला दिलेस. ते मागे ने. आधी संदर्भ द्यायला शिकव.

हे कुणी सांगितलं, त्यांनी कुणाकडून ऐकलं, पुढे सांगायची मला मुभा आहे का, याची चोख शिस्त मौखिक परंपरेत वाढलेल्या माणसाला असतेच. पण क्री या आदिवासी समुदायातली चाळिशीची एखादी बाई निबंधात आजीचं सांगणं लिहिते, समासात 'स्रोत?' असा शेरा येतो, आणि ती गप्प होते. तिला लॉरिशिया मॅक्लाउड या क्री ग्रंथपालांनी २०२१ मध्ये मांडलेला नमुना दाखव. नाव, समुदाय, कराराचा प्रदेश (आदिवासी आणि सरकार यांच्यातल्या करारातला भाग), राहण्याचं ठिकाण, विषय, तारीख अशी आजीची नोंद थेट संदर्भसूचीत, पुस्तकांच्या रांगेत येते. एपीए या संदर्भ देण्याच्या प्रचलित शैलीच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे मात्र प्रत्यक्ष ऐकलेल्याचा उल्लेख मजकुरातच होतो, सूचीत नाही. कोणत्या प्राध्यापकांना काय चालतं, हे तूच आधी विचारून ठेव. ती भांडणं विद्यार्थ्यांवर टाकू नकोस.

सगळंच कागदावर आणायचं नसतं, बरं का. कित्येक समुदायांत काही कथा फक्त हिवाळ्यात सांगतात. 'हे मला इथे लिहिता येणार नाही' असं कुणी म्हटलं तर गुण कापू नकोस; तेच वाक्य निबंधात नीट कसं लिहायचं ते दाखव. आणि 'आमचे लोक असं मानत असत' दिसलं की थांबव. आजही मानतात ना? मग 'मानतात' लिहू दे.

मातृभाषा बोलल्याबद्दल आदिवासी मुलांना शिक्षा करणाऱ्या निवासी शाळा तिथे १९९०च्या दशकापर्यंत चालल्या. तुझ्या वर्गात त्यांतून गेलेल्यांची मुलं असतील, कदाचित स्वतः गेलेलेही. म्हणून पहिला मसुदा लाल शाईने रंगवू नकोस. शेजारी बस, मोठ्याने वाचायला सांग. वाक्य कुठे अडखळतंय हे त्यांच्या कानाला आधी कळेल, व्याकरण तिथेच घे.

वर्गात समुदायातल्या ज्येष्ठांना बोलावणार असशील, तर मानधन आधीच मंजूर करून घे. विनंती करताना आदर म्हणून तंबाखू द्यायची रीत त्या समुदायात आहे का, तेही विचार.

तुझ्या
बाई