ईएमआय की रोख हे सोपं, ते ‘हँडक्राफ्टेड’ काय आहे ते बघू

पत्र थोडक्यात असं आहे. वाचक ४६ वर्षांचे, पगार चांगला, घड्याळांचा नाद जुना. शोरूममध्ये ५०० नगांच्या लिमिटेड एडिशनमधलं एक ‘हँडक्राफ्टेड, स्विस मेड’ मेकॅनिकल घड्याळ आवडलंय, किंमत त्यांच्या आठ महिन्यांच्या हातात पडणाऱ्या पगाराएवढी, टोकन भरून झालंय. सेल्समन म्हणतो अशी घड्याळं वर्षाला १५ टक्के वाढतात आणि वर ३ वर्षांनी बायबॅकही आहे, म्हणजे कंपनीच ते परत विकत घेणार. प्रश्न एवढाच की रोख द्यावी की नो कॉस्ट ईएमआय घ्यावा. आणि मग पत्र संपता संपता, सहज लिहिल्यासारखी एक ओळ: पैसे मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेत त्यातूनच द्यायचेत, तिला ते ३ वर्षांनी लागतील, तोवर घड्याळ विकून वाढीव रक्कम हातात येईल.

आधी विचारलेल्याचं उत्तर. नो कॉस्टमध्ये कॉस्ट असतेच, बहुतेक वेळा रोखीवर जी सूट मिळाली असती तिच्यात ती दडलेली असते, वर प्रोसेसिंग फी असते ती वेगळीच. दोन्हीचा एकूण आकडा लेखी मागा, कमी असेल तो घ्या. झालं.

आता न विचारलेलं. तुम्ही पत्रासोबत जे ब्रोशर पाठवलंय त्यात ‘हँडक्राफ्टेड’ सात ठिकाणी आहे आणि हाताने नक्की काय केलंय ते एकाही ठिकाणी नाहीये. स्पेक शीटवर मूव्हमेंटचा, म्हणजे आतल्या यंत्रणेचा, जो नंबर आहे ती मोठ्या कारखान्यात बनून अनेक ब्रँडना पुरवली जाणारी ऑटोमॅटिक मूव्हमेंट आहे. वाईट अजिबात नाही, दणकट आहे, सर्व्हिसिंग कुठेही होतं, पार्ट मिळतात. फक्त तिच्यावर रोटर (हात हलला की फिरून चावी देणारी चकती) सजवून लावला आणि मागे काच बसवली म्हणून हस्तकला होत नाही आणि आठ पगारांची तर नाहीच नाही.

‘स्विस मेड’वरही एवढं भाळू नका. २०१७ पासूनचा नियम असा की घड्याळाच्या उत्पादन खर्चातला किमान ६० टक्के खर्च स्वित्झर्लंडमध्ये व्हायला हवा, मूव्हमेंट स्विस हवी, जुळणी आणि शेवटची तपासणी तिथे व्हायला हवी. हातकामाचा त्यात संबंधच नाही. टूरबियाँ (घड्याळाच्या नियामक भागाला सतत फिरवत ठेवणारा पिंजरा) असला तरी तेच, घड्याळजी ब्रेगे यांनी त्याचं पेटंट १८०१ मध्ये घेतलं तेव्हा ती अचाट गोष्ट होती, आज कारखान्यातही टूरबियाँ निघतात. आणि अचूकता म्हणाल तर स्विस क्रोनोमीटर सर्टिफिकेट मिळवलेल्या मेकॅनिकल घड्याळाला दिवसाला वजा ४ ते अधिक ६ सेकंदांची सवलत असते, साधं बॅटरीवरचं क्वार्ट्झ त्याला आरामात हरवतं.

मग खरं हातकाम कुठे दिसतं? भिंग घ्या आणि मूव्हमेंटच्या ब्रिजची (चाकं जागेवर धरणाऱ्या धातूच्या पट्टीची) कड बघा. चांगल्या कामात ती कड तिरकी उतरवून आरशासारखी चकचकीत केलेली असते, त्याला अँग्लाज म्हणतात. आता अशा दोन कडा आतल्या बाजूला जिथे एकमेकींना भेटतात तो कोपरा शोधा. मशीनचं कटर फिरतं, म्हणजे गोल असतं, म्हणून त्याने केलेला आतला कोपरा थोडा गोलसरच राहतो. तो सुईसारखा टोकदार असेल तर बहुतेक कोणीतरी फाइल घेऊन, नंतर लाकडाच्या बारीक काडीवर पॉलिश लावून तो हाताने काढलेला असतो. कितीतरी महागड्या घड्याळांत असा कोपरा येऊच नये म्हणून ब्रिजचा आकारच गोलाईचा ठेवतात, हे एकदा कळलं की शोरूममध्ये फार मजा येते. दुसरी खूण ब्लॅक पॉलिश. स्टीलचा छोटा पार्ट डायमंड पेस्ट लावलेल्या जस्ताच्या किंवा कथिलाच्या सपाट प्लेटवर इतका घासतात की एका कोनातून तो काळाकुट्ट दिसतो आणि जरा कलवला की लख्ख पांढरा, मधली राखाडी छटाच नाही. एक ओरखडा राहिला तरी दिसतो, मग पुन्हा पहिल्यापासून.

मशीन वापरलं म्हणून घड्याळ खोटं असंही नाही हं. उत्तमातली उत्तम नावंसुद्धा पार्ट सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर, कापतात, किंमत असते ती त्यानंतरच्या फिनिशिंगच्या आणि जुळवण्याच्या तासांची. जवळजवळ सगळंच स्वतः करणारे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. इंग्लंडचे जॉर्ज डॅनियल्स त्यातले एक, आइल ऑफ मॅनवर बसून आयुष्यभरात थोडीशीच घड्याळं केली, आणि त्यांचं को-अ‍ॅक्सियल एस्केपमेंट (चाकांना ठेक्यात एकेक पाऊल पुढे सोडणारा भाग) १९९९ मध्ये ओमेगाने बाजारात आणलं. स्वित्झर्लंडच्या व्हाले द झूमधले फिलिप द्युफूर यांचं ‘सिंप्लिसिटी’ २००० सालचं, तीन काटे, बाकी काही नाही, आणि अशी दोनशेच्या आसपास घड्याळं पुरी करायला दहा वर्षांहून जास्त गेली.

त्या हिशेबात तुमचे ५०० नग बसवून बघा. एका घड्याळाला २०० तास हातकाम धरलं आणि एका कारागिराचे वर्षाला २,००० तास, तर तो वर्षाला १० घड्याळं करेल, ५०० म्हणजे ५० माणसांचं पूर्ण वर्ष. तुमच्या ब्रोशरमध्ये कारागीर किती ते लिहिलेलंच नाही. विचारा, बघू काय सांगतात.

आता गंमत अशी की हे सगळं खरं निघालं असतं तरी तुमचा १५ टक्क्यांचा हिशेब जमला नसता, कारण हातकाम आणि भाववाढ यांचं लग्न सेल्समनने लावलेलं आहे. मध्यंतरी ज्या स्टीलच्या स्पोर्ट्‌स घड्याळांचे भाव उडाले ती कारखान्यात मोठ्या संख्येने बनणारीच होती, वेटिंग लिस्टमुळे उडाले आणि २०२२ च्या सुरुवातीला शिखर गाठून घसरले. २०१७ मध्ये एक रोलेक्स डेटोना लिलावात पावणेदोन कोटी डॉलर्सच्या वर गेलं ते हॉलिवूड अभिनेता पॉल न्यूमनच्या मनगटावरचं होतं म्हणून. तुमचं आणि माझं मनगट त्यात धरू नये.

घड्याळ १०० ला घेतलं असं धरू. वर्षाला १५ टक्के म्हणजे ३ वर्षांनी १५२. पण विकून देणारा मधला माणूस समजा १५ टक्के ठेवून घेतो, तर तुमच्या हातात १५२ पडायला कोणीतरी तुमचं वापरलेलं घड्याळ १७९ ला घ्यायला हवं. कोण घेणार? त्या पैशात तो नवं कोरं घेईल ना. अशा फारशा गाजलेल्या नसलेल्या ब्रँडचं घड्याळ ६० ला गेलं तरी मी नशीब समजेन, त्यातून १५ टक्के गेले की ५१. मुदत ठेवीत ६ टक्क्यांनी जरी ठेवले असते तर ११९. आणि कॉलेजची फी वर्षाला ८ टक्क्यांनी वाढली तर आजची १०० ची फी तेव्हा १२६ असेल. म्हणजे ठेवीत ठेवून ७ कमी पडणार होते ते तुम्ही पगारातून सहज भरले असते, घड्याळात ७५ कमी पडतील.

बायबॅकचं पत्र पण वाचलं. ‘त्या वेळच्या बाजारभावाने, घड्याळाची स्थिती पाहून, कंपनीच्या निर्णयानुसार.’ याला गॅरंटी म्हणून विकणाऱ्याची मला खरंच चीड येते. बाजारभाव तेच ठरवणार, स्थितीही तेच, आणि घ्यायचं की नाही हेही तेच.

आणि मुलीच्या फीची तारीख पुढे ढकलता येत नाही. ज्या पैशाला ३ वर्षांनंतरची ठरलेली तारीख आहे तो शेअर्समध्येही ठेवायला मी तुम्हाला सांगणार नाही, तिथे निदान विकायला बसलात तर काही दिवसांत पैसे खात्यात येतात, घड्याळाला गिऱ्हाईक मिळायला सहा महिनेही लागतील. ही रक्कम साध्या ठेवीत किंवा कमी मुदतीच्या डेट फंडात (रोख्यांत पैसे ठेवणाऱ्या फंडात) टाका, फीच्या तारखेच्या थोडी आधी हातात येईल अशी, आणि जॉइंट नावावर बायकोला घ्या म्हणजे पुढच्या शोरूममध्ये जरा अडचण होईल.

घड्याळाची हौस मारा असं म्हणत नाहीये. दर महिन्याला पगाराचे ५ टक्के वेगळ्या खात्यात टाका, ३ वर्षांत जवळपास दोन पगार जमतील, तेवढ्यात याच मूव्हमेंटवरचं चांगलं सेकंडहँड घड्याळ बहुतेक येईल आणि ते तुम्ही विकायचा विचार न करता घालाल.

टोकन परत मिळतं की नाही आणि कधीपर्यंत ते पत्रात नाहीये. पावतीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असेल, ती बघा आणि फोन न करता ईमेल करा, म्हणजे तारीख राहते.