जर्मनीत स्कीचं बिल टॅक्समधून वजा होतं का? जुळे सोलापूरहून आलेल्या प्रश्नाला उत्तर

मालक, तुमचा प्रश्न वाचून आधी हसलो, मग स्वतःचीच आठवण येऊन गप्प झालो. तुम्ही विचारलंय की मे महिन्यात नोकरीसाठी म्युनिकला निघालोय, बायको आणि सात वर्षांची मुलगी बरोबर आहे. तिकडे जिम, स्कीइंग, पोरीचा पोहण्याचा क्लास सगळं टॅक्समधून वजा होतं असं आमचे सीए म्हणतात, तर बिलं कशी जपून ठेवायची?

बिलं जपाच, पण ही नव्हेत.

नऊ वर्षांपूर्वी मीही हेच ऐकून इथं जर्मनीत आलो होतो. त्रेचाळीस डिग्रीत वाढलेला माणूस. घरी सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेची गडबड चालली होती आणि मी ऑफिसच्या पोरांबरोबर आल्प्समधल्या गार्मिशच्या बर्फाच्या उतारावर पालथा पडलो होतो. स्की, बूट, हेल्मेट, तीन दिवसांचा क्लास मिळून सातशेच्या आसपास युरो गेले. सगळ्या पावत्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये लावून रिटर्नमध्ये दाखवल्या. उत्तर एका ओळीत आलं: खासगी खर्च, अमान्य. त्यांचं बरोबर होतं, चूक माझी होती.

इथल्या आयकर कायद्याचं कलम 12 सांगतं की स्वतःच्या राहणीमानाचा खर्च वजा होत नाही, त्यानं नोकरीला थोडाफार हातभार लागत असला तरी. ‘स्की करून आलो की सोमवारी डोकं छान चालतं’ हा युक्तिवाद चालत नाही. स्की शिकवणं हाच ज्याचा धंदा आहे, किंवा शाळेत जो खेळाचा शिक्षक आहे, त्याचं निराळं. तुम्ही कोड लिहिणार, म्हणजे विषय संपला.

डॉक्टरची चिठ्ठी आणली तर? हे पुढचं तुम्ही विचारणारच, म्हणून आत्ताच सांगतो. एका बाईंना डॉक्टरांनी पाण्यातले व्यायाम लिहून दिले होते. ते त्यांना सोयीच्या जिममध्ये करायचे, तर आधी जिमची मेंबरशिप घ्यावी लागली. ती फी त्यांनी आजारपणाचा खर्च म्हणून दाखवली आणि प्रकरण थेट सर्वोच्च कर न्यायालयापर्यंत गेलं. नोव्हेंबर 2024 मध्ये निकाल लागला: व्यायामवर्गाचे पैसे धरले, मेंबरशिप नाही, कारण जिमला निरोगी माणसंही जातात.

पोरीचं पोहणंही तसंच. मुलं सांभाळण्याच्या खर्चाला इथं चांगली सवलत आहे. 2025 पासून 80 टक्के, एका मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त 4800 युरो. पाळणाघर, शाळेनंतरची देखरेख यात बसते. पण खेळ, क्लास आणि छंद कायद्यानंच नाव घेऊन बाहेर ठेवलेत. त्यावर नाराज होऊ नका, कारण गल्लोगल्ली ‘फेराइन’ म्हणजे खेळाची मंडळं असतात आणि मुलांची वर्गणी खिशाला फारशी जड नसते. ही वर्गणी वजा होत नाही, त्याच मंडळाला दिलेली देणगी मात्र वजा होते. पोहण्याच्या क्लासला मात्र पोहोचल्याबरोबर नाव घाला. रांग मोठी असते.

आता पैसे खरोखर कुठे वाचतात ते. रिटर्नमध्ये नाही, पगारपत्रकात.

कंपनी तुम्हाला महिन्याला 50 युरोपर्यंतची सोय टॅक्स न लावता देऊ शकते, आणि जिम त्यात बसतं. पण इथं दोन खड्डे आहेत. पहिला, ही मर्यादा काटेकोर आहे: पन्नासच्या वर एक युरो गेला तरी वरच्या एका युरोवर नव्हे, अख्ख्या रकमेवर टॅक्स. कंपनीनं खरेदीचं कार्डही दिलं असेल तर ते याच पन्नासात मोजतात. दुसरा खड्डा लोकांना कळत नाही. तुम्ही स्वतः जिमशी करार केला आणि कंपनीनं पैसे परत दिले, तर ते रोख धरतात, म्हणजे पगारच. करार कंपनीच्या नावावर हवा. तुमच्या ऑफर लेटरमध्ये ‘स्पोर्ट्स बेनिफिट’ असं मोघम लिहिलंय, त्याचा अर्थ सही करण्याआधी एचआरला मेल टाकून विचारा.

याखेरीज वर्षाला 600 युरोपर्यंत कंपनी पाठीचे व्यायाम, योग, ताणतणावाचे वर्ग यांवर देऊ शकते, टॅक्स नाही. वर्ग प्रमाणित हवा आणि रक्कम पगाराशिवाय वेगळी हवी, पगारातून कापून नव्हे. इथं मात्र तुम्ही भरून कंपनीनं परत दिले तरी चालतं. साधी जिम मेंबरशिप यात येत नाही. सरकारी आरोग्य विमा घेतलात तर तेही अशा वर्गांचे बरेचसे पैसे परत देतात. हजेरी मात्र नीट लागते. मी योग अशाच वर्गात केला. सोलापुरात आजोबा फुकट शिकवत होते तेव्हा पळून जायचो, तो भाग वेगळा.

तुम्ही पार्कवर क्रिकेट खेळायचात असं लिहिलंय. मग उलटी कमाई करा! सार्वजनिक हिताच्या नोंदणीकृत मंडळात जोडधंदा म्हणून मुलांना कोचिंग केलंत तर त्याचं मानधन ठराविक मर्यादेपर्यंत करमुक्त असतं; 2025 मध्ये ती वर्षाला 3000 युरो होती. व्हिसावर अशी जोडकमाई चालते का, एवढं आधी विचारून घ्या.

जपायच्या पावत्या म्हणजे विमानाची तिकिटं आणि सामान पाठवल्याचा खर्च. नोकरीसाठीचं स्थलांतर म्हणून हे वजा होतं, कंपनीनं दिलं नसेल तर. नोकरदाराला 1230 युरो न मागताच वजा मिळतात, त्यामुळे खर्च त्याच्या वर गेला तरच फायदा. तिघांची तिकिटं आणि सामान धरून तो जाऊ शकतो. चादरी भरून कुरिअर करणार असाल तर त्याचीही पावती ठेवा.

आणि पहिल्या वर्षी स्की विकत घेऊ नका, भाड्यानं घ्या. पोरीचा पाय दर वर्षी वाढणार, तिच्यासाठी नोव्हेंबरात जुन्या सामानाचे बाजार भरतात. माझी ती सातशे युरोवाली जोडी अजून तळघरात पडून आहे. उंची पाच-आठच्या आसपास असेल तर घेऊन जा. बूट नऊ नंबरचे आहेत.