77 टन ठीक, पण उतरणार कुठे?

"सी-17 एका खेपेत 77 टन नेतं, मग जेमतेम साडेसहा टनांचं एएन-32 अजून कशाला?" असं तुम्ही विचारलंय, आणि नवं सी-295 एएन-32च्या जागी येतंय असंही म्हटलंय. ही सगळी हवाई दलाची मालवाहू विमानं. एएन-32च्या कुरियरने, म्हणजे हवाई दलाच्या ठरावीक फेरीने, चंदीगड ते लेह मी बऱ्याचदा गेलोय. कानात कापूस, भिंतीला लावलेल्या पट्ट्यांच्या बाकावर अंग चोरून बसायचं आणि गुडघे समोरच्या सामानाला टेकलेले. तेव्हा थोडी माया असणारच, पण मुद्दा मायेचा नाही.

77 टन ही कमाल मर्यादा आहे. लेहची धावपट्टी साडेदहा हजार फुटांवर, लडाखच्या उत्तर टोकाच्या दौलत बेग ओल्डीची साडेसोळा हजारांवर, तीही कच्ची. दौलत बेगला हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण 60 टक्के. पंखाला उचल कमी, इंजिनाला दम कमी, टेकतानाचा वेग मात्र जास्त. ऊन चढलं की हवा आणखी पातळ होते, म्हणून लेहची उड्डाणं शक्यतो सकाळीच उरकतात. त्यात परतीचं इंधन खालूनच न्यायचं असेल तर तेवढा माल कमी. ओझं किती घ्यायचं ते त्या दिवशीचं तापमान आणि धावपट्टी ठरवते.

एएन-32 मुळात उंच आणि उष्ण तळांसाठीच घडवलेलं. इंजिनं पंखाच्या वर बसवलीत, त्यामुळे त्यांचे फिरते पंखे (प्रोपेलर) जमिनीपासून लांब राहतात आणि खडी उडाली तरी सहसा पोचत नाही. 31 मे 2008 ला दौलत बेगला 43 वर्षांनी विमान उतरलं, ते हेच. त्याहून मोठं मालवाहू सी-130जे तिथे ऑगस्ट 2013 मध्ये टेकलं.

याचा अर्थ सी-17 नाजूक आहे असा नव्हे. 2016 मध्ये ते अरुणाचलातल्या मेचुकाच्या 4,200 फुटी पट्टीवर उतरलंय! पण तिथला रोजचा शिधा पोचवायला ते लावणं म्हणजे दोन पोती तांदळासाठी दहा टायरी ट्रक काढण्यासारखं.

त्याचं खरं काम रणगाड्याचं. मागचा रॅम्प जमिनीला टेकतो, रणगाडा स्वतःच चढतो, लोडमास्टर, म्हणजे माल चढवून घेणारा कर्मचारी, हाताच्या खुणांनी त्याला इंचाइंचाने आत घेतो. चाळीस टनांचं धूड ठरल्या जागेवरून सरकलं तर विमानाचा तोलच जातो, म्हणून मग साखळ्या आवळण्यात बराच वेळ जातो. हे काम आधी रशियन बनावटीचं आयएल-76 विमान करायचं. टी-72 रणगाडे लेहला पहिल्यांदा त्यानेच नेले, एका खेपेत एक.

आणि नवं सी-295, म्हणजे वडोदऱ्यात बनणारं, ते एव्हरो या जुन्या मालवाहू विमानाच्या जागी येतंय. नऊ टन, मागे रॅम्प. एएन-32ची जागा घेण्यासाठी ते मागवलेलं नाही, तिथे तुमची थोडी गल्लत झालीय.