भूप वाजवताना देशकार का डोकावतो?

प्रश्न : मी काही वर्षांपासून बासरी शिकत आहे. भूपाचे आलाप आणि ताना पाठ असूनही माझ्या वादनात देशकाराची छाया येते, असे गुरुजी म्हणतात आणि ‘आधी ऐका’ एवढेच सांगतात. नेमके काय ऐकावे?

उत्तर : गुरुजींचे म्हणणे रास्त आहे. दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच शुद्ध स्वर लागत असले, तरी भूपात गंधार (ग) वादी म्हणजे सर्वांत प्रमुख स्वर असून विस्तार मुख्यतः पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागात) होतो, तर सकाळच्या देशकारात धैवत (ध) वादी असल्याने सारा भर उत्तरांगावर (सप्तकाच्या वरच्या अर्ध्या भागावर) राहतो. हा फरक वहीत उतरवलेल्या आरोह-अवरोहातून पुरेसा कळत नाही. म्हणून भूपातील एकच विलंबित ख्याल (संथ लयीत गायलेली रचना) निवडून, बासरी बाजूला ठेवून, गायक गंधारावर कसा विसावतो आणि धैवतावर न रेंगाळता पंचमाकडे (प) कसा परततो, एवढेच आठवडाभर ऐकावे. केवळ बासरीवादन ऐकून भागत नाही. पन्नालाल घोष यांनी लांब बासरी रूढ केल्यावर या वाद्यावर ख्यालाच्या अंगाने विस्तार होऊ लागला, तेव्हा गायन ऐकणे ओघाने आलेच. कामे उरकताना मागे लावून ठेवलेले संगीत मात्र (ते कितीही सुखद असले तरी) या श्रवणात धरू नये. देशकार त्यानंतरच ऐकायला घ्यावा.