जमीन अर्धेलीने दिली, आता परत हवी

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी दोन एकर जिरायत गावातल्याच एकाला अर्धेलीने कसायला दिली. स्टॅम्पवर अकरा महिन्यांचा करार आहे. गेल्या साली त्याने वाटा दिला नाही. आता जमीन मलाच कसायची आहे. करार संपला म्हणून ताबा घेऊ का? (जि. सातारा)

उत्तर : नाही. नांगर घेऊन शेतात उतरू नका. पिकाचा वाटा घेऊन कसणारा माणूस घरातला किंवा पगारी गडी नसेल, तर 1948 च्या कुळवहिवाट कायद्याने तो कूळ ठरू शकतो. केवळ कराराची मुदत संपली म्हणून कुळवहिवाट संपत नाही, असे कलम 4-ब सांगते. अकरा महिन्यांच्या कागदाच्या भरवशावर बरेच मालक फसतात.

‘मला कसायची आहे’ हे कारण आता सहसा चालत नाही. त्यासाठीची नोटीस 31 डिसेंबर 1956 पर्यंत आणि अर्ज 31 मार्च 1957 पर्यंत द्यायचा होता. त्या वेळी मालक अज्ञान (अल्पवयीन), विधवा किंवा अपंग असेल तर वेगळी सवलत होती. सैन्यदलातल्या मालकांसाठीही स्वतंत्र तरतूद आहे.

तुमच्याजवळ उरते ते कलम 14. खंड (जमीन कसण्याबद्दल मालकाला द्यायचा मोबदला) 31 मेपूर्वी न देणे, जमिनीचे कायमचे नुकसान करणे, पोटकूळ ठेवणे (जमीन पुढे दुसऱ्याला कसायला देणे), स्वतः न कसणे किंवा बिगरशेती वापर करणे ही त्यातली कारणे. कारण स्पष्ट लिहून तीन महिन्यांची लेखी नोटीस द्या, पोहोच जपून ठेवा. तेवढ्या मुदतीत कुळाने चूक सुधारली नाही, तरच कलम 29 खाली तहसीलदारांकडे अर्ज करा. ताबा मागण्याचा हक्क निर्माण झाल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज हवा. आदेशाशिवाय ताबा घेतलात तर पीक जप्त होऊन दंडही होऊ शकतो.

एका वर्षाच्या थकबाकीवर मात्र फार आशा धरू नका. तहसीलदार कुळाला थकबाकी व खर्च भरण्याची संधी देतात. त्याने भरले की कुळवहिवाट कायम राहते. ही संधी टळते ती तीन वर्षांचा खंड थकला आणि प्रत्येक वेळी थकल्यापासून तीन महिन्यांत तुम्ही त्याला तसे कळवले असेल तेव्हाच. वाट्याचे धान्य तोंडी मोजून घेणारा मालक नेमका इथे अडकतो. वजन, तारीख आणि दोघांच्या सह्या असलेली पावती दरवर्षी करा.

कूळ राजीखुशीने सोडत असेल तरी घरी लिहून घेतलेला राजीनामा पुरत नाही. कलम 15 प्रमाणे तो लेखी हवा आणि तहसीलदारांनी कुळाला विचारून खात्री केलेली हवी.

तहसीलला जाण्याआधी सातबाऱ्यातले ‘कूळ, खंड व इतर अधिकार’ आणि पीक पाहणीतली तिन्ही वर्षांची नोंद काढा. पहिल्या वर्षात त्याने कलम 32-ओ प्रमाणे जमीन खरेदीची सूचना दिली होती का, हेही तपासा. दिली असेल तर वाद खरेदीचा होतो, ताब्याचा नाही. मराठवाडा आणि विदर्भात कुळकायदे वेगळे आहेत. तिथल्या वाचकांनी ही कलमे आपल्या अर्जात लिहू नयेत.