मेंदूला मार लागल्यावर मुलगा ‘बरा’ झाला, तरी असा का वागतो?

तुम्ही लिहिलंय की दहावीतल्या मुलाला दुचाकीच्या अपघातात डोक्याला मार बसला, टाके निघाले, स्कॅन ठीक आला, डॉक्टरांनी शाळेत पाठवायला सांगितलं. पण आता तो दिवसभर लोळतो, पुस्तक उघडत नाही, बहिणीवर खेकसतो. हे नाटक आहे का?

ताई, नाटक नव्हे. मी पंधराचा असताना गोव्यात डिचोलीजवळ स्कूटरच्या मागच्या सीटवरून पडलो, १०८ने बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात नेलं. आता पंचविशी ओलांडलीय.

मला डोकेदुखीपेक्षा जास्त छळलं ते कुठलंच काम सुरू न होण्याने. सकाळी हातात ब्रश घेऊन बेसिनसमोर नुसता उभा. दात घासायचेत हे कळायचं, इच्छाही असायची, पण पेस्टची ट्यूब काही उचलली जायची नाही. आई आतून “पेस्ट लाव रे” म्हणाली की हात हलायचे. काम सुरू करणं, त्याचा क्रम लावणं, रागाला आवर घालणं हे सगळं कपाळामागचा फ्रंटल लोब सांभाळतो, आणि अपघातात बरेचदा तोच दुखावतो. त्यात तो भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो, त्यामुळे काही उणिवा उशिरा कळतात. अकरावीत आपलं आपण बघायची वेळ आली की मग त्या उघड्या पडतात. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर दिसतं, बारीक तंतूंना बसलेला ताण बहुधा दिसत नाही. म्हणून स्कॅन ठीक आणि मुलगा बेठीक, असं होऊ शकतं.

तेव्हा “अभ्यासाला बस” नको. “गणिताची वही काढ”, ती काढली की “तिसरं उदाहरण लिही”, एवढंच. लांब भाषणातलं त्याच्या हाती फारसं काही लागत नाही.

थकव्याचंही तसंच. ही झोप नव्हे, थोडं वाचलं तरी अक्षरं निसटायला लागतात. शाळेशी बोलून काही दिवस अर्धा वेळच पाठवा. आवाजाचं तर विचारू नका. गणेश चवथीला आमच्याकडे आरतीला घुमटं, शामेळ, कासाळं ही वाद्यं एकदम सुरू झाली की मी मागच्या पडवीत जाऊन बसायचो. मावशी म्हणायची, “पोर शिष्ट झालंय.” हाताला प्लास्टर असतं तर कुणी घुमट वाजव म्हटलं नसतं.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून स्मरण, एकाग्रता आणि वेग यांची चाचणी करून घ्या. बांबोळीच्याच आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मानसोपचार संस्थेत विचारा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात परीक्षेला जादा वेळ आणि लेखनिक यांची तरतूद आहे. मात्र त्यातल्या २१ प्रकारांत मेंदूची इजा वेगळी नाही, त्यामुळे दिव्यांगत्वाचा दाखला मिळेल का, हे इजेनंतर काय त्रास उरलाय त्यावर ठरतं. पर्वरीच्या गोवा बोर्डाकडे शाळेमार्फत वेळेत विचारणा करा, परीक्षा तोंडावर आली की धावपळ होते.

फुटबॉल डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही, कारण पहिली इजा भरायच्या आत दुसरा मार बसला तर तो जिवावर बेतू शकतो. फिट येऊन गेली असेल तर नदीत-विहिरीत एकट्याने पोहणं बंद. दारूचं आत्ताच बोलून ठेवा, कायद्यात वयाची अट असली तरी लग्नाकार्यात कोण वय विचारतो? अशा मेंदूला थोडीही जास्त चढते, आणि फिटची भीती वाढते.

मित्र गळतात, हे मला सगळ्यात लागलं. घोळक्यात एखादा विनोद कळेपर्यंत बाकीचे पुढच्या विषयावर पोचलेले असायचे. एकेकाला घरी बोलवा, टीव्ही बंद ठेवून.

किती दिवस लागतील, हेही विचारलंत. सुरुवातीचे महिने सुधारणा भराभर होते, मग मंदावते, पण पुढेही वर्षानुवर्षं चालू राहू शकते. तोवर एक करा, आल्यागेल्याला “आधी किती हुशार होता” असं त्याच्यादेखत सांगू नका. बाकी काही विसरलं तरी ते बरोबर लक्षात राहतं.