नेटवर्कच्या डॉक्टरला सांगायचं की लपवायचं?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी ४३ वर्षांचा, हिंजवडीत आयटीत आहे. ९ वर्षं झाली एचआयव्ही पॉझिटिव्ह असल्याला, गोळ्या ससूनच्या एआरटी सेंटरवरून (एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र) घेतो, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासणीत कधीच सापडत नाही. यंदा कंपनीने नवीन हेल्थ प्लॅन आणला, त्यात आधी नेटवर्कमधल्या फॅमिली डॉक्टरकडे जायचं आणि त्यांनी ॲपवर रेफरल टाकलं तरच पुढचे स्पेशालिस्ट आणि तपासण्या फ्री. तिथे शुगर निघाली. मेटफॉर्मिन चालू केलं, आता सकाळी १००० आणि रात्री १००० आहे. एचआयव्हीचं मी बोललोच नाही, ॲप कंपनीने दिलेलं, एचआरला कळलं तर काय? पण महिनाभर पोट इतकं बिघडलंय की बसमध्ये बसायची भीती वाटते. काय करू?
– एक वाचक, वाकड

उत्तर : आधी पोटाचं बघू. तुम्ही सेंटरवरून घेता ती रोजची एक गोळी बहुतेक टीएलडी असणार, म्हणजे टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर. यातलं डोल्युटेग्राविर मेटफॉर्मिनला किडनीतून बाहेर पडायला अडवतं, त्यामुळे रक्तातलं मेटफॉर्मिन दीडपटीच्याही वर जातं आणि म्हणून ही दोन औषधं बरोबर असतील तर मेटफॉर्मिन दिवसाला एकूण १००० मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. तुमचं २००० चाललंय, पोट बिघडणारच. यात त्या डॉक्टरांची चूक नाही हो, त्यांच्यासमोर अर्धाच पेशंट बसला होता. उद्या सकाळीच त्यांना फोन करा, डोस त्यांनाच ठरवू दे, आणि काहीही झालं तरी टीएलडी चुकवू नका. आणि हो, पोटासाठी मेडिकलमधून अँटासिडची बाटली आणली असेल तर ती टीएलडीबरोबर घेऊ नका, टीएलडी अँटासिडच्या दोन तास आधी घ्या नाहीतर सहा तासांनंतर. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या, टॉनिक, भस्मं यांचंही विचारून घ्या, कारण तीही रिकाम्या पोटी टीएलडीबरोबर गेली तर औषध नीट अंगी लागत नाही.

अजून एक, डोल्युटेग्राविरने क्रिएटिनिन (किडनीचं काम तपासायचा रक्तातला आकडा) रिपोर्टमध्ये थोडं वर दिसतं, किडनी ठीक असली तरी. हे माहीत नसलेला डॉक्टर घाबरतो, पेशंटला घाबरवतो आणि चार तपासण्या मागे लागतात. दुसरीकडे टेनोफोविरमुळे किडनीकडे खरंच लक्ष ठेवावं लागतं, त्यामुळे आकडा बघणाऱ्याला दोन्ही गोष्टी ठाऊक हव्यात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, डॉक्टरला सांगा आणि ऑफिसला सांगू नका. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्यात तुमच्या लेखी संमतीशिवाय तुमचं स्टेटस कुणाला सांगता येत नाही (कोर्टाचा आदेश वगैरे मोजके अपवाद आहेत), नोकरीवरून काढता येत नाही, आणि १०० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो, हॉस्पिटल-क्लिनिकसाठी तर २० माणसांनाच. डॉक्टरांना समोर बसून सांगा, सेंटरची पुस्तिका दाखवा, आणि स्पष्ट म्हणा की हे तुमच्या फाईलमध्ये लिहा पण ॲपवरच्या रेफरलमध्ये नको, तिथे ‘मधुमेह, दीर्घकालीन औषधं चालू’ एवढं पुरे.

माझ्या ओपीडीत एक आजी यायच्या. पिशवीत दोन फाईली, एक सेंटरची, एक बीपी-शुगरची, आणि गोळ्यांच्या डबीवरचं लेबल नखाने खरवडून काढलेलं, आत आवाज होऊ नये म्हणून कापूस भरलेला. सुनेला कळू नये म्हणून. पाच वर्षं त्या दोन फाईली कधी एका टेबलावर आल्याच नाहीत, मी पहिल्यांदा शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा आजी माझ्या दाराची कडी बघत होत्या. मला ते अजून आठवतं.

आता प्लॅनबद्दल. आधी एक डॉक्टर, मग त्याची परवानगी, मग पुढचा, ही पद्धत सर्दी-तापाला ठीक आहे, आयुष्यभराच्या आजाराला ती तशीच्या तशी चालत नाही. अमेरिकेत हे फार आधी कळलं, तिथे माणशी ठरावीक पैसे घेणाऱ्या प्लॅनना जास्त खर्चाचा पेशंट नकोसा व्हायचा, मग न्यूयॉर्क राज्याने एचआयव्हीसाठी वेगळे स्पेशल नीड्स प्लॅन काढले ज्यात एचआयव्ही जाणणारा डॉक्टरच तुमचा मुख्य डॉक्टर, आणि सगळी धावपळ सांभाळायला एक केस मॅनेजर. आपल्याकडे तेवढं नाही, पण तुमच्या कंपनीत इन्शुरन्सवर फीडबॅक मागतात तेव्हा एवढं नक्की मागा, की कुठल्याही दीर्घ आजाराला वर्षभराचं एकच रेफरल मिळावं. ‘कुठल्याही’ हा शब्द महत्त्वाचा, कॅन्सरवाला, डायलिसिसवाला, तुम्ही, सगळे त्यात येता आणि कुणाला आजाराचं नाव घ्यावं लागत नाही.

नोकरी सुटली तर काय ही धास्ती असेल तर, फेब्रुवारी २०२३ मध्ये आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, सगळ्या जनरल आणि हेल्थ इन्शुरन्स कंपन्यांना एचआयव्ही असलेल्यांसाठी पॉलिसी ठेवायला सांगितलंय, मात्र घेताना एआरटीचा खर्च धरलाय का ते वाचा. सेंटरच्या गोळ्या फुकटच आहेत, २००४ पासून, त्या प्लॅनवर कधीच हलवू नका. कुठे अडलं तर १०९७ ही फुकट हेल्पलाइन आहे.

भोसरीला १९९२ पासून एड्सवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे आणि त्याच शहरात माणूस क्लिनिकमध्ये तोंड उघडायला घाबरतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पुढच्या तारखेला सेंटरवर जाताना मेटफॉर्मिनची स्ट्रिप आणि शुगरचे रिपोर्ट बरोबर न्या. तिथल्या डॉक्टरांना शुगरचं तुम्ही अजून सांगितलेलं नसणार.